टाकी मोठी केली म्हणून पाणी वाढत नाही

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर गुणगुणायला लागला की सातारा-कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत त्यावर एकच औषध चालते. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह काढा, त्याच्या जागी दोन डायोड टाका. जुना कंडेन्सर काढा, त्याच्या जागी मिळेल तेवढा मोठा कंडेन्सर टाका. तासाभराचे काम. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री मोकळा. याला लोक नुसती दुरुस्ती म्हणत नाहीत, सुधारणा म्हणतात. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा ही सुधारणा नव्हेच, पुढच्या बिघाडाचा तो विसार आहे. का, ते मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष. समोरच्याला लंगडा करून मग चीतपट मारणे ही आमच्या भागात कुस्ती समजली जात नाही. म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

पॉवर सप्लायचे काम साधे आहे, असे ते म्हणतात. घरातल्या उलटसुलट विजेची सरळ, स्वच्छ वीज करायची आणि पुढे द्यायची. आवाज घडतो तो व्हॉल्व्हमध्ये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, स्पीकरमध्ये. सप्लाय म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी जितकी मोठी, तितकी नळाची धार स्थिर. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह तर निव्वळ ओझे: तापतो, वीज खातो, म्हातारा होतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला बनवलेले व्हॉल्व्ह आता जुन्या बाजारात शोधावे लागतात. डायोड दोन-चार रुपयांना कोपऱ्यावर मिळतो आणि हजार व्होल्ट सोसतो. जुन्या आराखड्यांत पन्नास मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दिसतो तो निवडीने नव्हे, नाइलाजाने. त्या काळी ४७० मिळाला असता तर त्या इंजिनिअरांनीही तोच घातला असता. दाखला हवा? अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने आपल्या ट्विन रिव्हर्बमध्ये १९६०च्या दशकातच व्हॉल्व्हऐवजी डायोड घातले. हिशेब हवा? ९० मिलिअँपिअरच्या भाराला ५० मायक्रोफॅरडवर ढोबळमानाने १८ व्होल्टचा तरंग उरतो. ४७० वर दोन व्होल्टसुद्धा उरत नाही.

यातली बेरीज-वजाबाकी चोख आहे. मी तिला हात लावणार नाही. पण ज्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, तो प्रश्न त्या अँप्लिफायरने विचारला होता का?

मिरजेतला एक डबा डोळ्यांसमोर ठेवू. एका गृहस्थांच्या वडिलांनी साठच्या दशकात हौसेने बांधून घेतलेला. मूळ आराखडा मुलार्ड कंपनीचा, पाच-दहा या नावाने जगभरच्या हौशी लोकांत गाजलेला: पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. पुढे ईएफ ८६, मधे ईसीसी ८३, शेवटी ईएल ८४ ची जोडी, आणि सप्लायला ईझेड ८१. ट्रान्सफॉर्मर ३००-०-३००. लाकडी पेटीत बारा इंची स्पीकर. तो गुणगुणायला लागला. एका मिस्त्रीने नेहमीचे औषध दिले. गुणगुण थोडी उतरली, गेली नाही. मग चालू करताक्षणी फ्यूज उडू लागला, तेव्हा फ्यूजच्या जागी जाडशी तार आली. तीन महिन्यांनी ट्रान्सफॉर्मरला वार्निशचा वास येऊ लागला, आणि दिवा बंद करून पाहिले तर दोन्ही ईएल ८४ च्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल. मग तो डबा माझ्या हाती आला. मिस्त्री प्रामाणिक होता. त्याने जे केले ते सगळेच करतात. खंडन त्याचे नाही, त्या समजुतीचे आहे.

समजुतीचा पहिला पाय टाकीचा. टाकीचा दाखला मलाही आवडतो, फक्त तो पुरा द्यावा. टाकी भरते कशी? आपल्याकडे पालिकेचे पाणी दिवसातून अर्धा तास येते, त्या अर्ध्या तासात चोवीस तासांचे पाणी ओढून घ्यावे लागते. कंडेन्सरचेही तसेच. ट्रान्सफॉर्मरची लाट जेव्हा अगदी माथ्यावर असते तेवढ्या क्षणीच तो भरतो. बाकीचा वेळ त्याच्यातून नुसता खर्च. अशी लाट सेकंदाला शंभर वेळा येते. आता टाकी नऊपट केली. तिच्यातली पातळी जवळपास उतरतच नाही, त्यामुळे भरण्याचा तो क्षण आणखी आखूड होतो. पण खर्च तोच आहे! मग तेवढाच विद्युत्प्रवाह अधिक आखूड वेळात, अधिक उंच झटक्याने ओढला जातो. सरासरी तीच राहते आणि झटका वाढतो. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी सरासरीने तापत नाही, प्रवाहाच्या वर्गाने तापते. वार्निशचा वास कुठून आला, हे आता सांगायला हवे का?

म्हणूनच व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी कोष्टकात पहिल्या कंडेन्सरची मर्यादा छापून ठेवली: ईझेड ८१ ला ५०, जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड. ही त्या काळची गरिबी नव्हती. कॅथोड किती झटका सोसतो, याचा तो मोजलेला आकडा आहे. नाइलाज असता तर त्यांनी 'जास्तीत जास्त' असा शब्द कशाला छापला असता? मोठा कंडेन्सर मिळत नसेल तर मनाई कोणाला?

यावर उत्तर तयार असते: म्हणून तर व्हॉल्व्ह काढून डायोड टाकतो, डायोडला झटक्याचे काय? ठीक. डायोडला काही होत नाही. बाकीच्यांचे पाहू.

ईझेड ८१ स्वतःत काही व्होल्ट खातो, आणि हे खाणे आराखड्यात धरलेले असते. डायोड एक व्होल्टसुद्धा धड खात नाही. मिरजेच्या डब्यात मी मीटर लावला तेव्हा ईएल ८४ च्या पत्र्यावर ३७२ व्होल्ट होते. दोघांच्या सामाईक १३० ओहमच्या कॅथोड रोधावर १३ व्होल्ट, म्हणजे दोघांत मिळून १०० मिलिअँपिअर. स्क्रीनचा वाटा वजा केला तर प्रत्येक पत्र्याला ४५ च्या घरात. पत्रा आणि कॅथोड यांच्यातले ३५९ व्होल्ट त्याने गुणा: प्रत्येकी १६ वॉटच्या वर. ईएल ८४ ची मर्यादा १२ वॉट आणि ३०० व्होल्ट. पत्रा लाल होणार नाही तर काय होईल?

आणि हे ऐन संध्याकाळचे आकडे. रात्रीचे वेगळे. माझ्या कराडच्या घरी मी महिनाभर मीटर लावून ठेवला होता: उसाच्या मोटारी चालू असताना २०५ पर्यंत उतरलेली वीज रात्री दोननंतर २५० ला टेकते. (कोयनेचे धरण आमच्या शेजारच्याच पाटण तालुक्यात, १९६० मेगावॉटचा प्रकल्प उशाशी घेऊन आम्ही हे आकडे मोजतो, पण ते असो.) मिरजेच्या डब्याच्या पाठीमागे एक लहान गोल चकती होती: २००, २२०, २४०. तिची पिन २२० वर. वडिलांच्या काळात कमी दाबाला ते बरोबरच होते. आता मांडा. ट्रान्सफॉर्मर २२० ला ३०० व्होल्ट देतो. लाटेचा माथा ४२४. वीज २५० झाली की तोच माथा ४८२. डायोड बटण दाबताक्षणी वीज पुढे ढकलतो. व्हॉल्व्ह थंड असतात, भार शून्य, म्हणजे सगळा ४८२ व्होल्टचा दाब कंडेन्सरवर. कंडेन्सरवर छापलेले असते ४५०. ईझेड ८१ मात्र स्वतः सावकाश तापतो; तो वीज सोडू लागतो तोवर पुढचे व्हॉल्व्हही जागे होऊन भार घ्यायला बसलेले असतात. ज्याला आळशी म्हणून हाकलले, तो राखणदार होता.

डायोडही फार सुखात नसतो. या जोडणीत प्रत्येक डायोडवर उलट्या बाजूने दुप्पट दाब येतो: ४८२ दुणे ९६४. हजाराच्या डायोडला ३६ व्होल्टची मोकळीक. शेजारची मोटार बंद होताना तारेवर जो धक्का येतो त्याला ३६ व्होल्ट म्हणजे काय? प्रत्येक बाजूला दोन डायोड ओळीने टाकले तर भागते. आजवर माझ्याकडे आलेल्या डब्यांत ते केलेले मी एकदाही पाहिलेले नाही.

फेंडरचा दाखला इथेच निकाली निघतो. त्यांनी डायोड घातले ते डायोड धरून ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज आणि बाकी सगळे बेतून. आपण ट्रान्सफॉर्मर तोच ठेवून डायोड घालतो. दाखला त्यांचा आणि करणी आपली!

आता मूळ तक्रारीकडे. गुणगुण. सगळ्या खटाटोपानंतरही ती गेली का नाही?

त्या गृहस्थांचे घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मी मीटर काढण्याआधी शेजारचे एक वयस्कर तंबोरे करणारे गृहस्थ सहज डोकावले होते. त्यांना म्हटले, "चाचा, ही गुणगुण जरा ऐका. सूर कुठला?" ते मागे वळले, घरातून काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा घेऊन आले. पंचमाची तार छेडली, मान हलवली. खर्ज छेडला, पुन्हा हलवली. म्हणाले, "ह्यो खर्जाच्याबी खाली हाय की."

तेवढ्यात निदान झाले. काळी एकच्या तंबोऱ्याचा पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास, खर्ज ६९ च्या आसपास. सप्लायचा तरंग सेकंदाला शंभर वेळा येतो, म्हणजे तो पंचमाच्या अगदी लगत, किंचित उतरा बोलला असता. खर्जाच्याही खाली बोलतो तो पन्नास हर्ट्झ, आणि पन्नास हर्ट्झ रेक्टिफायरमधून गाळून आलेली नसते. ती थेट घरच्या विजेची असते. अशी वीज अँप्लिफायरमध्ये कुठे फिरते? हीटरच्या तारांत. उलटून पाहिले. ६.३ व्होल्टच्या हीटर गुंडाळीची दोन्ही टोके शंभर-शंभर ओहमच्या रोधांनी चासीला बांधलेली होती. त्यातला एक रोध जळून तुटला होता. तराजूचे एक पारडेच गळाले. ईसीसी ८३ तो झोल पकडत होता आणि पुढचे व्हॉल्व्ह तो इमानाने मोठा करत होते. रोध दोन रुपयांचा.

मग ४७० मायक्रोफॅरडने थोडी गुणगुण उतरली ती कशाने? जुना कंडेन्सर सुकला होता, तोही खरा दोषी होता, आणि तो बदलायलाच हवा होता. नवा पन्नासचा बसवला असता तरी तेवढीच उतरली असती. शिवाय ईएल ८४ ची जोडी समोरासमोर ओढते. सप्लायचा तरंग दोघांकडे सारखाच जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणजे जो तरंग नऊपट कमी केला, तो मुळात फारसा ऐकूच येत नव्हता. साताऱ्याकडच्या यात्रांत तंबूतले सिनेमे चालत, तिथेही ही फसगत नित्याची. प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या ध्वनिपट्टीवर प्रकाश टाकणारा छोटा दिवा सरळ उलटसुलट विजेवर जोडला की त्याच्या प्रकाशातच शंभर हर्ट्झची थरथर असते. बदला कितीही कंडेन्सर.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे भीतीचे बोलणे झाले, आवाजाचे काय? मोठ्या टाकीने आवाज सुधारतो की नाही? इथे मला पूर्वपक्षाला त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त द्यायचे आहे. सप्लायचा आवाजाशी संबंध नाही, हे त्याचे पहिले वाक्यच खोटे आहे, आणि ते खोटे ठरण्यात त्याचाच फायदा आहे. स्पीकरचा कागद हलवणारी शक्ती कुठून येते? व्हॉल्व्ह शक्ती बनवत नाही, तो नळाची चावी फिरवतो. शक्ती सप्लायचीच. ईसीएल ८२ सारख्या एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या रेडिओत तर गाण्याचा सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून निघून शेवटच्या कंडेन्सरमधूनच वाट काढतो. तिथे कंडेन्सर चांगला आणि मोठा असला तर खालचे सूर खरेच भरतात. मात्र तो शेवटचा कंडेन्सर, गाळणीच्या पलीकडचा. पहिला नव्हे. आपले मिस्त्री फुगवतात तो पहिला.

आणि गाळायचेच असेल तर कंडेन्सर हा महागडा मार्ग आहे. कंडेन्सर दुप्पट केला की तरंग निम्मा होतो, बस. त्याउलट दोन कंडेन्सरांच्या मधे चोक घाला. दहा हेन्रीचा चोक शंभर हर्ट्झला सहा हजार ओहमच्या वर अडवतो, पलीकडचा ५० मायक्रोफॅरड बत्तीस ओहमला वाट देतो: तरंग सुमारे दोनशेपट खाली. ट्रान्सफॉर्मरवर जादा झटका नाही, रेक्टिफायरची मर्यादा पाळलेली. दहा हेन्रीचा चोक बांधून घेणे परवडत नसेल तर घरोघरी एलईडी आल्यावर भंगारात निघालेला चाळीस वॉटच्या ट्यूबलाइटचा तांब्याचा चोक बघा. तो साधारण सव्वा हेन्रीचा असतो, तेवढाही वीसपटीच्या वर गाळतो. म्हणजे ४७० मायक्रोफॅरडच्या दुप्पट काम, भंगाराच्या भावात. सप्लाय चारशे व्होल्टच्या वर असेल तर मात्र तो वापरू नका. त्याचे इन्सुलेशन त्यासाठी बेतलेले नाही, आणि त्याची पत्र्याची चौकट चासीला पक्की बांधा.

मी व्हॉल्व्हचा सोवळा भक्त नाही, हेही स्पष्ट करतो. साठ वर्षांचा सुकलेला कंडेन्सर अस्सलपणाच्या नावाखाली जागेवर ठेवणारे मला डायोडवाल्यांपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. रेक्टिफायर मिळतच नसेल तर डायोड जरूर टाका. पण प्रत्येक बाजूला दोन दोन, आणि व्हॉल्व्ह जेवढे व्होल्ट खात होता तेवढे खाणारे तारेचे रोध त्यांच्या मागे लावून. पहिला कंडेन्सर आराखड्यातलाच आकडा. मग व्होल्टेज मोजून पाहा. ज्या कामाचा शेवट मीटरने होत नाही, त्याला सुधारणा म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

जिवाच्या धोक्याबद्दल थोडे बोललेच पाहिजे. कंडेन्सर नऊपट केला की तेवढ्याच व्होल्टला त्यात साठणारी ऊर्जाही नऊपट. ४७० मायक्रोफॅरड चारशे व्होल्टवर भरलेला असेल तर प्लग काढल्यावरही तो हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. त्याला आडवा रोध लावून सावकाश रिता करायची सोय या 'सुधारलेल्या' डब्यांत क्वचितच दिसते. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेले जुने एसी-डीसी रेडिओ तर वेगळीच जात. त्यांची चासीच विजेच्या तारेला बांधलेली असते. ते घरच्या हौशी हातांनी उघडूच नयेत.

मिरजेच्या डब्यात शेवटी केले ते इतकेच. तुटलेला रोध नवा. मालकांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेला मूळ ईझेड ८१ परत जागेवर. तो धडधाकट होता. पहिला कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरड, मग ट्यूबलाइटचा चोक, मग दुसरा कंडेन्सर. फ्यूजच्या जागी तार नव्हे, फ्यूज. ईएल ८४ ची जोडी बदलावी लागली, ती त्या तीन महिन्यांची किंमत. चकतीवरची पिन २२० वरून २४० वर. हीटरला रात्रीच्या २५० व्होल्टला जिथे ७.१६ मिळत होते तिथे आता साडेसहाच्या आसपास मिळतात. पहिल्यांदा चालू केला तो साठ वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डावर, बल्ब एकदा उजळून मंदावल्यावरच थेट विजेवर. पत्र्यावर २९८ व्होल्ट, कॅथोडवर १०.३, प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण दहा वॉट. चाचांनी पुन्हा तंबोरा आणला नाही. स्पीकरच्या जाळीला कान लावला आणि चहा मागितला.

आपल्या घरी असा डबा असेल आणि तो दुरुस्तीला द्यायचा असेल, तर मिस्त्रीला काय काय घाल हे सांगू नका. मागच्या चकतीवर पिन कुठे आहे ते पाहायला सांगा, गुणगुण पन्नासची की शंभरची ते विचारा, आणि काढलेला प्रत्येक व्हॉल्व्ह परत मागून घ्या.